मोटारीचे नाक

नरकचतुर्दशीच्या पहाटे ज्या घरात तांब्याचा बंब पेटलेला असे, त्या घरातल्या माणसाला मोटारीच्या इंजिनाची रचना निराळी समजावून सांगावी लागू नये. बंबाच्या मधोमध एक नळी असते. नळीत लाकडाच्या ढलप्या नाही तर कोळसे पेटलेले असतात. नळीच्या भोवती पाणी असते. मोटारीच्या इंजिनातही मांडणी हीच. मधे सिलिंडर, सिलिंडरात पेट्रोलचा भडका, आणि सिलिंडरच्या भिंतीला बाहेरून पाण्याचा वेढा. फरक आहे तो हेतूचा. बंबात पाणी तापावे म्हणून विस्तव. मोटारीत तेल जळू नये, दट्ट्या सिलिंडरात अडकून बसू नये, म्हणून पाणी. बंबातले पाणी कढत झाले की घरातली मुले एकेक करून न्हाणीघराकडे ओढून नेली जातात आणि प्रश्न मिटतो. मोटारीतले कढत पाणी कोणाच्याच अंगावर ओतावयाचे नसते. ते निववून पुन्हा त्याच सिलिंडराभोवती धाडावयाचे असते, आणि तेही प्रवास संपेपर्यंत क्षणाची उसंत न घेता.

हे निववण्याचे काम अखेर हवा करते, आणि ती हवा मोटारीच्या नाकातून आत येते. पेट्रोलच्या उष्णतेचे ढोबळ मानाने तीन वाटे पडतात. एक वाटा चाके फिरवण्याच्या कामी येतो, दुसरा धुराबरोबर मागल्या नळीतून निघून जातो, आणि तिसरा पाण्याच्या पदरात पडतो. मोटारीचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण पहिल्या वाट्याचे पोवाडे गातात. कोणत्या गाडीने किती वेग गाठला, कोणाचे इंजिन किती अश्वशक्तीचे, याच्या याद्या देतात. तिसऱ्या वाट्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. वास्तविक मोटारीला तोंड म्हणून जे काही आहे ते या तिसऱ्या वाट्यानेच दिलेले आहे. आणि आम्ही अंबरनाथ-बदलापूरकडची माणसे तर ज्या वाटेवर राहतो, तिच्या पुढच्या टोकाला बोरघाट आहे. तिथे या वाट्याचा हिशेब रोख चुकवावा लागतो.

कार्ल बेंझ याने २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या तीनचाकी गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा तिला रेडिएटर असा नव्हताच. पाणी उकळू द्यावयाचे, वाफ होऊन जाऊ द्यावयाची, आणि कमी पडले की वरून ओतावयाचे, असा सरळ कारभार होता. हा कारभार वाटतो तितका अडाणी नव्हे. गार पाणी उकळीपर्यंत आणावयास जितकी उष्णता लागते, तिच्या साडेसहा-सातपट उष्णता त्याच पाण्याची वाफ करण्यास लागते. म्हणजे वाफ होऊन जाणारे पाणी जाताना पुष्कळ उष्णता घेऊन जाते. अडचण एवढीच की ते परत येत नाही. १८८८ च्या ऑगस्टात बेंझची पत्नी बर्था ही नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्‌सहाइमला, शंभरावर किलोमीटर, आपल्या माहेरी गेली. माहेरी जाणाऱ्या बाईला कोण अडवणार! त्या प्रवासात पेट्रोलसारखे तेल तिने औषधाच्या दुकानातून विकत घेतले हे सर्वत्र सांगितले जाते. परंतु वाटेत जिथे पाणी दिसेल तिथे गाडीला पाजावे लागत होते, आणि चढावर दोघा मुलांनी उतरून गाडी ढकलली, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. मोटारीच्या पहिल्या लांबच्या प्रवासातच पाणी आणि चढ या दोन गोष्टींनी आपली हजेरी लावली होती.

पाणी परत यावे, वाया जाऊ नये, म्हणून मग नळ्या आल्या. नळ्यांतून पाणी खेळवावयाचे आणि बाहेरून वारा घालावयाचा. पण साध्या नळ्या पुरेनात. इंजिने मोठी झाली तशी पाण्याची टाकीही मोठी होऊ लागली, आणि मोटार ही बरीचशी पाण्याचीच गाडी होऊन बसण्याची वेळ आली. यातून सुटका केली विल्हेल्म मायबाख याने. १९०० च्या अखेरीस त्याने जी नवी मोटार घडवली, आणि जिला एमिल येलिनेक या गिऱ्हाइकाच्या मुलीचे नाव मिळून ती 'मर्सिडीस' झाली, तिच्या नाकावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे दिसणारे एक यंत्र बसवलेले होते. सहा मिलिमीटर रुंद, सहा मिलिमीटर उंच अशा चौकोनी नळ्या, एकूण ८०७०, एकमेकींना डाख देऊन जोडलेल्या. नळ्यांच्या आतून हवा जाई आणि नळ्यांमधल्या बारीक फटींतून पाणी. मागे एक पंखा. पूर्वीच्या गाडीला जिथे अठरा लिटर पाणी लागे तिथे हिचे नऊ लिटरांत भागू लागले. पाणी थोडे, पण ते हजारो ठिकाणी हवेला भेटते, ही त्यातली हिकमत. आपल्या घरात चहा बशीत ओतून पिणाऱ्या आजोबांना हे तत्त्व ठाऊकच होते. मात्र त्यांनी त्याचे पेटंट घेतले नाही.

तेव्हापासून रेडिएटर मोटारीच्या अगदी पुढे, उघड्यावर, पितळेचा नाही तर निकेलचा झळझळीत मुखवटा होऊन बसला. गाडी कोणत्या घराण्याची हे लोक त्याच्यावरून ओळखू लागले. फोर्डच्या 'टी' गाडीने तर पाण्याचा पंपही काढून टाकला. १९०८ साली निघालेल्या पहिल्या सुमारे अडीच हजार गाड्यांना पंप होता. पुढे फोर्डने हिशेब केला की गरम पाणी हलके होऊन आपोआप वर चढते, गार पाणी जड म्हणून खाली उतरते, मग पंपाचे पैसे का खर्च करावेत? सपाट रस्त्यावर आणि थंड मुलखात हे ठीक होते.

मुंबईत मोटारगाड्या आल्या त्या १८९८ साली, आणि त्यांच्या पहिल्या मालकांत जमशेटजी टाटा यांचे नाव घेतले जाते. मुंबई बेट मोटारीला मानवण्यासारखे होते: रस्ते सपाट, समुद्राचा वारा सतत, अंतरे थोडी. खरी परीक्षा मलबार टेकडीवर नव्हे, तर खोपोलीच्या पुढे होती.

बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत खुला झाला. तो बैलगाड्या आणि घोड्यांच्या टपालगाड्या यांच्यासाठी आखलेला होता. बैल दमला की उभा राहतो, घोडा दमला की बदलता येतो. आमच्या बदलापूरचे नावच मुळी घोडे बदलण्याच्या ठाण्यावरून पडले असे जुनी माणसे सांगत आली आहेत. मोटारीचे तसे नाही. ती दमली की बदलता येत नाही; तिचे पाणी तेवढे बदलता येते. रस्ता दाखवणारा धनगर शिंगरोबा याचे देऊळ या जुन्या घाटात आहे. घाटातून जाणारे ड्रायव्हर तिथे गाडी हळू करून नाणे टाकतात. त्यांच्यापैकी कित्येकांची गाडी तिथे आपण होऊनच हळू होत असे, हेही खरे!

या चढाचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत रस्ता सुमारे पाचशे मीटर उंच चढतो. माणसे आणि सामान धरून गाडी बाराशे किलोची समजा. एवढे ओझे पाचशे मीटर उचलावयास जितके काम पडते, तितक्या कामाच्या उष्णतेत सतरा लिटर गार पाणी उकळीला येईल. वर पाहिलेल्या वाटणीप्रमाणे, चाकांकडे जितके जाते साधारण तितकेच पाण्याकडेही जाते. म्हणजे वीस मिनिटांच्या चढात, रस्त्याचा आणि वाऱ्याचा विरोध जमेला न धरताही, गाडीच्या पोटातील पाण्याला एक चांगला भरलेला बंब उकळण्याइतकी उष्णता मिळते. आणि त्या लहान गाडीत पाणी मावते किती? पाचेक लिटर. ही सगळी उष्णता हवेला द्यावयाची, आणि हवा जाताजाता तीस अंशांनी तापते असे धरले, तर दर सेकंदाला सुमारे दीडशे लिटर हवा, म्हणजे पंधरा-पंधरा लिटरच्या दहा घागरी, रेडिएटरच्या जाळीतून गेल्या पाहिजेत. वीस मिनिटे, दर सेकंदाला दहा घागरी! हवा दिसत नाही म्हणून तिचे ओझे आपल्याला वाटत नाही.

सपाट रस्त्यावर गाडी वेगात असते, हवा आपण होऊन नाकात घुसते. घाटात नेमके उलटे. इंजिन जिवाच्या कराराने काम करीत असते, दुसऱ्या गिअरमध्ये किंचाळत असते, आणि गाडी मात्र सायकलच्या वेगाने चाललेली असते. उष्णता सर्वांत जास्त आणि वारा सर्वांत कमी, असा हा योग. त्यात बोरघाटाची एक खोड आहे, जी मुंबईकडच्या जुन्या ड्रायव्हरांना पुस्तकाशिवाय कळलेली होती. उन्हाळ्याच्या दुपारी वारा समुद्राकडून येतो आणि घाट चढून देशावर जातो. मुंबईहून पुण्याला जाणारी गाडीही त्याच दिशेने चढते. ताशी पंचवीस किलोमीटरने चढणाऱ्या गाडीच्या पाठीवर ताशी पंधरा किलोमीटरचा वारा असला, तर तिच्या नाकाला मिळतो तो अवघ्या दहा किलोमीटरचा झुळूकवारा. पुण्याहून उतरणाऱ्या गाडीला तोच वारा समोरून मिळतो, आणि तेव्हा तिला त्याची गरज नसते. ड्रायव्हर लोक तापलेली गाडी उभी करताना जागा पाहून तिचे तोंड पश्चिमेकडे, वाऱ्याकडे, वळवीत आणि इंजिन लगेच बंद न करता काही वेळ मंद चालू ठेवीत, त्याचे कारण हे. इंजिन एकदम बंद केले की पाणी फिरावयाचे थांबते, पण लोखंडातली धग थांबत नाही. मग जे पाणी उकळावयाचे राहिले असेल तेही उकळते.

उंचीचाही एक लहानसा वाटा आहे. दर तीनशे मीटरला पाण्याचा उकळबिंदू सुमारे एका अंशाने उतरतो. खंडाळ्याला पाणी अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळते, महाबळेश्वरला पंच्याण्णव-शहाण्णवला. ज्या गाडीचे पाणी आधीच काठावर आलेले आहे तिला हे दोन-चार अंश पुष्कळ होत.

या घाटाच्या इतिहासात ज्याचे नाव कोठेच नोंदलेले नाही तो इसम म्हणजे क्लीनर. मोटारीचे मालक, मोटारीचे कारखानदार, रस्ता बांधणारे साहेब, सर्वांची चरित्रे आहेत. हातात पत्र्याचा डबा घेऊन झऱ्यापर्यंत उतरणारा, पाणी घेऊन धापा टाकीत वर येणारा, आणि अंगातला सदरा हाताला गुंडाळून रेडिएटरचे झाकण फिरवणारा तो चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा मात्र कोणत्याच पानावर नाही. झाकण निघाले की उकळत्या पाण्याचा फवारा छातीएवढा उंच उडे. पूर्वीच्या गाड्यांत रेडिएटरला साधी वाट ठेवलेली असे, वाफ आपली निघून जाई. पुढे रेडिएटरचे झाकण स्प्रिंगचे झाले. आत दाब वाढू द्यावयाचा, म्हणजे पाणी शंभर अंशांवर उकळणार नाही. घरात प्रेशर कुकर आहे त्या गृहिणीला हे सांगणे नको. आजच्या मोटारीच्या झाकणाचा दाब बहुधा कुकरच्या शिटीइतकाच असतो, आणि आतले पाणी एकशेवीस अंशांपर्यंत न उकळता राहू शकते. ही युक्ती इंजिनाला फार सोयीची. परंतु तिने क्लीनरचा धोका वाढवला. शिटी न काढता कुकर उघडावा तसे ते आहे. दाब गेला की इतका वेळ शांत असलेले पाणी एका क्षणात खवळून बाहेर येते. आजही दर उन्हाळ्यात घाटात कोणाचा ना कोणाचा हात असा भाजतो, आणि आता तो हात बहुधा गाडीच्या मालकाचाच असतो, कारण क्लीनर ठेवणे परवडत नाही. गाडी तापली तर निदान अर्धा तास झाकणाला हात लावू नये. घाईच्या माणसाला हे पटत नाही.

ट्रकच्या आणि जीपच्या पुढल्या बंपरला जाड कापडाची पाण्याची पिशवी लोंबत असे. तिला छागल म्हणतात. कापडातून पाझरणारे पाणी वाऱ्याने सुकते आणि आतले पाणी गार होते. बेंझच्या गाडीतलीच ही कल्पना, फक्त पिण्याच्या पाण्यासाठी. मौज अशी की ती छागल टांगली जाई नेमकी रेडिएटरच्या पुढे, म्हणजे माणसाचे पाणी थंड करण्यासाठी मोटारीचे पाणी गरम ठेवावयाचे! जास्तीचे दिवे, मोठे कर्णे, नावाची पाटी, आणि दसऱ्याला झेंडूचा मनगटाएवढा जाड हार, ही सगळी भरती त्याच जागेवर होते. खंडेनवमीला पूजा झालेल्या गाडीवरचा हार पौर्णिमेपर्यंत काढू नये असे मानणारे लोक आहेत. त्यांच्या श्रद्धेला धक्का लावण्याची माझी इच्छा नाही. हार बॉनेटच्या वरच्या अंगाला बांधला तरी तो देवाला पोचतो, एवढेच सुचवितो.

आता कारखान्यांकडे वळू. १९२८ साली जनरल मोटर्सने शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. सुटे भाग परदेशांतून यावयाचे आणि येथे जोडावयाचे. १९५४ साली तो बंद झाला, कारण सरकारचे धोरण असे ठरले की ज्यांना येथे भाग बनवावयाचे आहेत त्यांनीच राहावे. दरम्यान सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापून कुर्ल्याला कारखाना उभारला आणि १९४७ मध्ये तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. प्रथम करार झाला तो अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी. योगायोग पाहा: मोटारीच्या नाकाचा इतिहास ज्या कंपनीने सर्वांत धाडसाने बदलावयास घेतला तीच ही कंपनी. १९३४ साली क्रायस्लरने वाऱ्याच्या बोगद्यात नमुने ठेवून, हवा कशी वाहते हे पाहून, 'एअरफ्लो' नावाची मोटार काढली. तिचे नाक उभे न ठेवता गोल केले आणि रेडिएटर आत दडवून पुढे धबधब्यासारख्या खाली उतरणाऱ्या पट्ट्यांची जाळी बसवली. हवेला ती आवडली. गिऱ्हाइकाला आवडली नाही. लोकांना मोटारीला ओळखीचे तोंड हवे होते. १९३७ नंतर ती बंद पडली. तरी रेडिएटर जाळीआड गेला तो गेलाच. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जवळजवळ साऱ्या मोटारींनी आपले खरे तोंड झाकून पत्र्याचे तोंड लावून घेतले.

प्रीमियरने पुढे इटलीच्या फियाटशी हात मिळवला. १९५४ पासून फियाट ११०० आली, निरनिराळ्या रूपांनी टिकली, १९७४ च्या सुमारास तिची 'पद्मिनी' झाली, आणि काळ्या-पिवळ्या रंगात मुंबईच्या दोन पिढ्यांना तिने स्टेशनावर नेले-आणले. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निघाली ती २०२३ च्या ऑक्टोबरात. आमच्या बाजूला, कल्याण-डोंबिवलीकडे, प्रीमियरचा दुसरा कारखाना होता. नव्वदच्या दशकात फ्रेंच प्यूजोची ३०९ गाडी तिथे बांधली जाई. तोही आता राहिला नाही.

जाळी आली आणि एक नवीन प्रश्न घेऊन आली. पूर्वी हवा रेडिएटरला सरळ भिडत असे. आता ती जाळीच्या मागल्या पोकळीत शिरते, आणि पाण्याप्रमाणे हवाही वाट सोपी असेल तिकडे वळते. रेडिएटरच्या दाट पात्यांतून अंग चोरून जाण्यापेक्षा त्याच्या कडेच्या फटीतून निघून जाणे तिला सोयीचे. त्या फटी रबराच्या किंवा पत्र्याच्या पट्टीने बुजवल्या नाहीत, तर नाक कितीही मोठे असले तरी उपयोग थोडा. पंख्याचेही तसेच. पंख्याभोवती घट्ट कडे नसेल, तर तो पुढून गार हवा ओढण्याऐवजी मागची तापलेली हवाच फिरवून घेत बसतो. जुन्या गाड्या विकत घेणारे हौशी लोक पहिली गोष्ट करतात ती हे कडे काढून फेकून देण्याची, कारण ते हाताला आड येते! आणि मग वर्षभर गाडी का तापते म्हणून मेकॅनिक बदलत राहतात.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे आत आलेल्या हवेला बाहेर जाण्याची वाट लागते. ही गोष्ट समजावून घ्यावयास आमच्या अंबरनाथचे शिवमंदिर बरे. वालधुनी नदीच्या काठचे हे देऊळ शिलाहारांच्या काळातले. त्यातल्या लेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा काळ मिळतो. त्याच्या मंडपाला तीन बाजूंनी द्वारमंडप आहेत. मंडपातून वीसेक पायऱ्या खाली उतरले की गाभारा. वरचे शिखर अपुरे असल्याने गाभारा आभाळाकडे खुला. अंगणातली फरशी पायांना सोसवत नाही अशा वैशाखातल्या दुपारीही मंडपात शिरताच जीव निवतो. जाड पाषाण, खोल गाभारा, तीन बाजूंनी वारा, आणि वर निघून जाण्याची मोकळी वाट. बांधणाऱ्यांनी हे वाऱ्यासाठी केले असे म्हणण्याचा मोह मी आवरतो. त्यांच्या मनात देव होता, वारा नव्हता. परंतु तीन दारे असून वर-खाली कोठेच वाट नसती, तर मंडप भट्टीसारखा कोंडला असता, हे मात्र तिथे उभे राहणाऱ्याला कळते.

मोटारीत हीच चूक वारंवार होते. लोक पुढचे भोक मोठे करीत राहतात. वास्तविक तापलेली हवा इंजिनाच्या खालून, चाकांच्या बाजूने, निघून जावयाची असते, आणि ती तिथे तुंबली तर पुढून दुसरी हवा आत येतच नाही. पुष्कळ टॅक्सीवाले यावर उपाय म्हणून बॉनेटचा मागचा काठ बोटभर उचलून ठेवीत. गाडी उभी असताना किंवा गर्दीत रांगत असताना याचा उपयोग होतो, कारण गरम हवा वर चढून त्या फटीतून जाते. पण वेगात तोच उपाय उलटतो. पुढच्या काचेच्या पायथ्याशी वारा आदळून दाबला जातो, तिथला दाब वाढलेला असतो, आणि त्या फटीतून हवा बाहेर न जाता आत घुसते. नाकातून येणाऱ्या हवेला मग पाठीमागून धक्के बसतात. गावात शहाणपण आणि हमरस्त्यावर मूर्खपणा असा हा एकच उपाय.

हवेची ही वाट नीट बांधली तर काय होऊ शकते ते विमानवाल्यांनी दाखवले. १९३५ च्या सुमारास इंग्लंडात फर्नबरो येथे मेरेडिथ नावाच्या शास्त्रज्ञाने मांडले की रेडिएटर तोंडाशी निमुळत्या आणि पोटात रुंद अशा बोगद्यात बसवावा. हवा आत शिरून मंदावते, रेडिएटरमध्ये तापून फुगते, आणि मागल्या चिंचोळ्या तोंडातून जोराने बाहेर पडते. तिच्या त्या जोराने विमानाला मागून थोडा रेटाही मिळतो. महायुद्धातल्या मस्टँग विमानाच्या पोटाखालची पिशवी ती हीच. मोटारीला तो रेटा मिळण्याइतका वेग नसतो. तरीही हवेच्या एकूण विरोधातला काही भाग, कधी शेकडा दहाच्या घरातला, केवळ नाकातून आत शिरून इंजिनाशी झोंबणाऱ्या हवेमुळे असतो.

जाळीचे तोंड झाले की त्याच्यावरून भांडणेही व्हावयाचीच. महायुद्धातल्या जीपला फोर्डने पत्र्यात ठोकून काढलेली, उभ्या नऊ फटींची जाळी दिली. स्वस्त, मजबूत आणि पुरेशी. १९४५ साली मुलकी जीप निघाली तेव्हा दिवे मोठे झाले आणि फटी सात उरल्या. महिंद्रांनी १९४९ पासून मुंबईत माझगावला ही जीप जोडावयास आरंभ केला, आणि ते सात फटींचे तोंड आपल्या खेड्यापाड्यांत पंचायतीच्या गाडीचे, निवडणुकीच्या प्रचाराचे आणि वराच्या वरातीचे तोंड झाले. २०१८ मध्ये महिंद्रांनी अमेरिकेत 'रॉक्सर' नावाची तशाच वळणाची गाडी विकावयास काढली, तेव्हा जीपच्या मालकांनी तक्रार केली की हे तोंड आमचे आहे. २०२० साली तिथल्या व्यापार आयोगाने महिंद्रांविरुद्ध निकाल दिला आणि रॉक्सरला चेहरा बदलावा लागला. पाणी थंड करण्यासाठी पाडलेल्या फटी, आणि त्यांची मालकी कोणाची यावर वकिलांचा खल! फटींतून हवा किती जाते हा प्रश्न त्या वादात गौणच होता.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि इंजिन आडवे झाले. आडव्या इंजिनाचा पट्टा पुढच्या रेडिएटरमागच्या पंख्याला फिरवू शकत नाही, म्हणून पंखा विजेवर आला. हा बदल दिसावयास किरकोळ, पण घाटापुरता क्रांतिकारक होता. जुना पंखा इंजिनाच्या वेगाशी बांधलेला. इंजिन मंद तर पंखाही मंद, मग गाडी रहदारीत कितीही तापो. उलट वेगात, जिथे वारा फुकट मिळतो, तिथे तो उगाच गरगरे. आणि पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी शक्ती आठपट होते. विजेचा पंखा पाण्याची धग पाहून चालतो आणि काम झाले की थांबतो. गाडी बंद करून आपण घरात शिरलो तरी बाहेर तो घरघरत राहतो.

याच काळात आणखी एक पाहुणा नाकात येऊन बसला. वातानुकूलनाचे म्हणजे एसीचे उष्णता टाकणारे भांडे रेडिएटरच्याही पुढे असते. म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा आता आधीच उष्टी झालेली असते, आणि एसीचा पंप फिरवण्याचा भारही इंजिनावरच पडतो. २००२ साली पुरा झालेल्या द्रुतगती मार्गाने बोरघाट सोपा केला, परंतु मे महिन्यात सहा माणसे, टपावर सामान, एसी पूर्ण जोरात, आणि पुढे ट्रकची रांग, या मेळाने तो पुन्हा जुना होतो. काटा वर सरकू लागला तर एसी बंद करून खिडक्या उघडाव्यात, आणि सोसवत असेल तर गाडीत गरम हवेचा हीटर लावावा. हीटर हा दुसरा लहान रेडिएटरच आहे. तो इंजिनाचे पाणी निववतो, आपल्या जिवावर. बदलापूर-कर्जतकडे पारा चाळिशी ओलांडतो अशा दिवशी हा उपाय सुचवणाऱ्याला घरची मंडळी काय म्हणतील ते मी जाणतो.

अलीकडच्या पुष्कळ पेट्रोल गाड्यांत जाळीच्या मागे झडपा असतात. गरज नसेल तेव्हा त्या आपोआप मिटतात, वारा वरून सरळ निघून जातो आणि इंधन वाचते. आणि विजेच्या मोटारीचे वरचे नाक तर बंदच होत चालले आहे. तिची मोटर आपल्या शक्तीचा जेमतेम दहावा भाग उष्णतेत घालवते, त्यामुळे पोळ्याएवढ्या मोठ्या जाळीची तिला गरज नसते. तरी कंपन्या पुष्कळदा तिथे खोटी जाळी उठवतात. १९३४ चा धडा त्या विसरलेल्या नाहीत. मात्र तिची बॅटरी नाजूक. माणसाला जे तापमान मानवते साधारण तेच तिलाही मानवते, आणि घाट चढताना किंवा झटपट चार्ज होताना ती तापते. म्हणून बंपरच्या खाली एक आडवी फट ठेवलेली असते आणि तिच्या मागे रेडिएटर असतो, तोही लहानसाच. तेव्हा विजेच्या गाडीला दसऱ्या-पाडव्याचा झेंडूचा हार नाकावर मनसोक्त घालण्यास हरकत नाही. त्याचे टोक खालच्या त्या फटीपुढे लोंबणार नाही एवढे पाहावे.